वाफेच्या मॉडेल बोटीचा बॉयलर : लॅगिंग कशाचे, किती जाड आणि कोठे मुळीच नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे ९० सेंटिमीटर लांबीच्या बोटीत ७५ मिलिमीटर व्यासाचा आणि १५० मिलिमीटर लांबीचा तांब्याचा आडवा बॉयलर बसवला आहे. त्याच्या मधून ज्वालानळी गेलेली आहे, बर्नर गॅसचा आहे, कामाचा दाब ३ बार आहे आणि इंजिन दोन सिलिंडरचे ऑसिलेटिंग, म्हणजे सिलिंडर स्वतःच डोलणारे, आहे. बोट चालते, पण इंजिन पाणी थुंकते आणि डेक हात ठेववणार नाही इतका तापतो. म्हणून प्रश्नकर्त्यांना लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारे वेष्टन, म्हणून तांब्यावर थेट सागवानाच्या पट्ट्या बसवायच्या आहेत. पट्टी किती जाडीची असावी, तिच्याखाली काही घालावे का, सामान पुण्यात कोठे मिळेल आणि एवढे केल्यावर पाणी थुंकणे थांबेल का, असे त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर बाकीच्या कामाचा हिशेब ठरतो. पाणी थुंकण्याचा दोष उघड्या बॉयलरकडे फारच थोडा जातो. ३ बार दाबाला आतले पाणी आणि वाफ सुमारे १४४ अंश सेल्सिअसवर असतात. बॉयलरचा पृष्ठभाग दोन्ही टोके धरून ४४० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. काळवंडलेल्या तांब्यापासून स्थिर हवेत, ३० अंशांच्या वातावरणात, साधारण ६५ वॉट उष्णता बाहेर जाते. इंजिन जोरात चालताना मिनिटाला १५ ग्रॅम वाफ लागते असे धरले, तर तेवढी वाफ करायला सुमारे ६५० वॉट लागतात. म्हणजे गळती दहा टक्क्यांची झाली, आणि ती भरून काढायला बर्नर थोडा मोठा ठेवला की पुरते. परंतु हीच बोट हळू चालवली आणि वाफ मिनिटाला ५ ग्रॅमवर आली, तरी बॉयलरची गळती कमी होत नाही. ६५ वॉट तेवढेच राहतात आणि आता ते उपयोगी उष्णतेच्या जवळजवळ तीस टक्के होतात. म्हणून टग, लाँच, मासेमारी नौका यांसारख्या संथ चालणाऱ्या मॉडेलांना लॅगिंगचा खरा फायदा मिळतो, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी पुण्याला पश्चिमेचा वारा सुटला की तो आणखी वाढतो, कारण वाहत्या हवेत उघड्या तांब्याची गळती सहज दीडपट-दुप्पट होते.

मग पाणी येते कोठून? सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांत येणारे पाणी थंड इंजिनाचे असते. चारशे ग्रॅम पितळ शंभर अंशांनी तापवायला सुमारे १५ किलोज्यूल लागतात, आणि ते देताना जवळजवळ ७ ग्रॅम वाफेचे पाणी होते. हे पाणी निघणारच, त्याला वाट करून द्यावी आणि इंजिन हाताने चार-सहा फेरे फिरवून मोकळे करावे. त्यानंतरही थुंकणे चालूच राहिले, तर बॉयलर जास्त भरला आहे आणि वाफेबरोबर पाणी ओढले जात आहे असे समजावे. गेज ग्लासमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत, पाणी तीन-चतुर्थांशाच्या वर नेऊ नये. वाफेची नळी बॉयलरच्या सर्वांत वरच्या बिंदूवरून घेतली आहे ना, हे पाहावे. शक्य असेल तर तीच नळी ज्वालानळीतून एकदा फिरवून मग इंजिनाकडे न्यावी, म्हणजे वाफ कोरडी होते. हे सर्व केल्यावर लॅगिंगकडे वळावे.

आता मुख्य मुद्दा. सागवान तांब्यावर थेट बसवू नका. लाकूड हे मध्यम प्रतीचे उष्णतारोधक आहे; उष्णता खऱ्या अर्थाने अडवते ती तंतूंमध्ये अडकलेली, न हलणारी, कोरडी हवा. लाकडाची उष्णतावाहकता प्रतिमीटर-अंश ०.१५ वॉटच्या आसपास असते, सिरॅमिक तंतूंच्या कागदाची या तापमानाला ०.०६ च्या आसपास, तर तांब्याची जवळजवळ ३९०. लाकडाचे काम हे की आतला मऊ थर जागेवर राहावा, त्याला पाणी-तेल लागू नये आणि बॉयलर देखणा दिसावा. सिलिंडर लाकडाच्या किंवा उष्णता सावकाश सोडणाऱ्या दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या वेष्टनात ठेवावा, ही कल्पना जेम्स वॉटच्या १७६९ च्या पेटंटातच आहे, त्यामुळे लाकडी पट्ट्यांना परंपरेचा आधार आहे यात शंका नाही. परंतु वॉटच्या वेळचे दाब फार कमी होते आणि वाफ शंभर अंशांच्या जवळपासच असे. १४४ अंशांच्या तांब्याला लागून असलेले लाकूड तासन्‌तास चालल्यावर आतून कोरडे पडते, तपकिरी होते, आकसते आणि पट्ट्यांमध्ये फटी पडतात. पेट घेणार नाही, पण दोन हंगामांत काम बिघडते.

तुमच्या बॉयलरसाठी मी ३ मिलिमीटर सिरॅमिक पेपरचे दोन थर आणि त्यावर २ मिलिमीटरच्या सागवानी पट्ट्या सुचवतो. एकच थर घातला, तर लाकडाच्या आतल्या बाजूचे तापमान १०५ अंशांच्या वर राहते. दोन थरांनी ते ९० अंशांच्या खाली येते. लाकडाची बाहेरची बाजू तरीही ८० अंशांच्या आसपास असेल, हे लक्षात ठेवा. तेवढ्या तापलेल्या लाकडाला हात लागला तर तो चटकन मागे घ्यायला वेळ मिळतो. १४० अंशांचे तांबे तो वेळ देत नाही. नळकांड्याच्या भागाची गळती या लॅगिंगने निम्म्याहून खाली जाते. आणखी जाड करण्याच्या मोहात पडू नये, कारण पुढच्या प्रत्येक थराचा फायदा आधीच्यापेक्षा कमी असतो आणि बोटीत जागा व उंचीवरचे वजन दोन्ही महाग असतात.

आतल्या थरासाठी लोक बरेच काही वापरतात, त्याबद्दल स्पष्ट लिहितो. कॉर्क दिसायला सुंदर असतो, पण १२० अंशांच्या पुढे हळूहळू ठिसूळ होऊन भुगा होतो; १ बारवर चालणाऱ्या बॉयलरला तो चालेल, ३ बारला नाही. लोकरीचा नमदा करपतो आणि त्याचा वास बोटीतून जात नाही. थर्मोकोल १०० अंशांच्या आतच मऊ होऊन वितळू लागतो, तो जवळही आणू नये. ग्लासवूल चालते, पण ते पातळ आणि एकसारखे बसवणे कठीण जाते. जुन्या सामानात किंवा एखाद्या जुन्या दुकानात पांढरट राखी रंगाची दोरी अथवा पुठ्ठा मिळाला आणि तो ॲस्बेस्टॉसचा असण्याची थोडी जरी शंका आली, तरी तो घेऊ नका, कापू नका, घरात आणू नका. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि अनेक वर्षांनी कर्करोग होतो, हे पूर्णपणे सिद्ध झालेले आहे. सिरॅमिक तंतूही निरुपद्रवी नाहीत. त्यामुळे शक्य असेल तर शरीरात विरघळणाऱ्या प्रकारचा, म्हणजे बायोसोल्युबल फायबरचा कागद मागावा. आणि कोणताही प्रकार असला तरी तोंडाला चांगला मास्क लावून, कागद किंचित ओला करून, कातरीने कापावा. करवत किंवा पॉलिश पेपर त्यावर चालवू नये. ओला कागद वळतोही चांगला.

सामानाबद्दल. सिरॅमिक पेपर आणि ब्लँकेट हे भट्ट्यांचे सामान आहे. भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या दुरुस्त करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे असतात. आपल्याला हातभर तुकडा पुरतो. सागवानासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पूर्ण फळी घेण्यापेक्षा एखाद्या सुताराकडून जुन्या खिडकीची किंवा चौकटीची लाकडे मागावीत. अनेक वर्षे उन्हापावसात राहिलेले सागवान आता आकसायचे तेवढे आकसलेले असते आणि आपल्याला तेच हवे. लॅगिंग बाहेरून बांधणाऱ्या पितळी पट्टीसाठी ०.३ मिलिमीटरचा पत्रा रविवार पेठेत मिळतो. मागच्या टोकाची झाकणी पितळेची नीट फुगीर करून हवी असेल, तर कसब्यातल्या तांबट आळीत ते काम करणारे हात अजून आहेत.

काम सुरू करण्यापूर्वी बॉयलरची हायड्रो टेस्ट झालेली असलीच पाहिजे. थंड पाण्याने पूर्ण भरून, आत हवा राहू न देता, कामाच्या दाबाच्या दुप्पट म्हणजे ६ बारपर्यंत हातपंपाने दाब चढवावा आणि प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने टिपून पाहावा. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे बॉयलर आपल्याकडच्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे तपासणीला दुसरे कोणी येणार नाही आणि ही जबाबदारी पूर्णपणे आपली आहे. एकदा लॅगिंग चढले की सांधा दिसत नाही. म्हणूनच मी लॅगिंग बॉयलरला कधीही कायमचे चिकटवत नाही. ते पितळी पट्ट्यांचे स्क्रू सैल करून काढता आले पाहिजे, आणि दर वर्षी काढून खाली पाहिलेच पाहिजे. बॉयलरवरचे एखादे फिटिंग साध्या कथलाच्या डागाने बसवले असेल, तर ते आधी उतरवून चांदीच्या झाळाने बसवून घ्यावे. ६३ टक्के कथलाचा डाग १८३ अंशांना वितळतो आणि १४४ अंशांना त्याची ताकद फारच कमी झालेली असते.

आता प्रत्यक्ष बांधणी. तांबे साबणाने धुऊन, झाळताना लावलेल्या फ्लक्सचा अंश न ठेवता, पूर्ण कोरडे करावे. राहिलेला फ्लक्स लॅगिंगखाली ओल धरतो आणि हिरवा थर सुरू होतो. सिरॅमिक पेपरचा पहिला थर गुंडाळून त्याची शिवण तळाशी ठेवावी, दुसऱ्या थराची शिवण थोडी बाजूला घ्यावी, म्हणजे फट सरळ बाहेरपर्यंत जात नाही. बारीक तांब्याच्या तारेने दोन-तीन ठिकाणी हलके बांधावे. घट्ट आवळू नये, कारण कागद दबला की त्यातली हवा जाते. दोन थरांनंतर बाहेरचा व्यास ८७ मिलिमीटर आणि परीघ २७३ मिलिमीटर होतो. ६ मिलिमीटर रुंदीच्या ४५ पट्ट्या घेतल्या, तर २७० मिलिमीटर भरतात आणि उरलेल्या ३ मिलिमीटरची फट तळाशी मुद्दाम ठेवता येते. ती फट हवीच. वरून ठिबकलेले पाणी, ग्लँडमधून आलेले तेल, पावसाळ्यात साठलेली ओल, सर्व तिथून निघून जाते. पाण्याची वाहकता ०.६ च्या आसपास, म्हणजे सिरॅमिक पेपरच्या दहापट आहे, त्यामुळे भिजलेले लॅगिंग हे लॅगिंगच राहत नाही.

पट्ट्या एकेक करून गोल अंगावर बसवण्याचा प्रयत्न बहुतेक जण करतात आणि विसाव्या पट्टीपर्यंत त्या तिरक्या होतात. त्याऐवजी टेबलावर काम करावे. सरळ फळीला एक काटकोनी पट्टी ठोकावी, तिच्याशी सर्व ४५ पट्ट्या टेकवून पाठीचा भाग वर येईल अशा शेजारीशेजारी लावाव्यात आणि त्यावर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचा अगदी पातळ हात फिरवून धुतलेले सुती कापड दाबून बसवावे. सागवानात नैसर्गिक तेल असते, म्हणून सिलिकॉनपूर्वी पाठ ॲसिटोनने पुसून घ्यावी, नाहीतर महिन्याभरात पट्ट्या सुटतात. सुतारी पांढरा गोंद आणि कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह हे दोन्ही या तापमानाला मऊ पडतात. दुसऱ्या दिवशी कापड कडेने कापले की चटईसारखी एकसंध गुंडाळी हातात येते. ती वळवताना पट्ट्यांच्या बाहेरच्या कडा जराशा उघडतात, साधारण ०.३ मिलिमीटर, आणि त्या रेघा दिसायला चांगल्याच दिसतात. ज्यांना त्याही नको असतील त्यांनी पट्टीच्या दोन्ही कडा रंध्याने चार-चार अंशांनी आतल्या बाजूला उतरत्या कराव्यात. गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि फिलरची भोके गुंडाळी चढवण्यापूर्वी कागदी नमुन्यावरून आखावीत आणि प्रत्येक भोक फिटिंगपेक्षा २ मिलिमीटर मोठे ठेवावे.

त्यावर ५ मिलिमीटर रुंद तीन पितळी पट्ट्या, दोन कडांना आणि एक मध्ये. पट्टीची दोन्ही टोके काटकोनात वळवून त्यांच्यामधून बारीक बोल्ट घालावा आणि तो बोल्ट तळाशी आणावा. १२० अंशांनी तापल्यावर ७५ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याचा परीघ अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास वाढतो. पट्ट्या थंडीत पूर्ण आवळल्या, तर पहिल्याच फेरीत कागद दबतो आणि थंड झाल्यावर सर्व सैल होते. म्हणून थंड असताना फक्त धरण्याइतके आवळावे, बॉयलर एकदा कामाच्या दाबापर्यंत न्यावा, विझवावा, दाब पूर्ण उतरू द्यावा आणि अंग कोमट असताना शेवटचा अर्धा फेरा द्यावा. दाबाखाली असलेल्या बॉयलरच्या पट्टीला पाना लावू नये. लाकडाला लाखेचे पॉलिश करू नये, ते या उष्णतेत चिकट होते. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात पुरेसे होतात.

टोकांचा विसर पडतो. प्रत्येक टोक एकूण पृष्ठभागाच्या दहा टक्के आहे. बर्नरच्या बाजूला फारसे काही करता येत नाही, पण मागच्या टोकावर सिरॅमिक पेपरची चकती आणि त्यावर पितळी झाकणी सहज बसते. चिमणीच्या बुडाशी मात्र लाकूड किमान १० मिलिमीटर दूर ठेवावे आणि मधली जागा सिरॅमिकने भरावी, कारण तिथले धातूचे तापमान वाफेच्या नव्हे तर धुराच्या हिशेबाने चालते. बॉयलर ज्या खोगिरांवर बसतो ती पितळेची असतील, तर बरीच उष्णता तिथून तळात उतरते. पितळेच्या तुलनेत स्टेनलेस स्टील साताठ पटींनी कमी उष्णता वाहते, म्हणून खोगिरे त्याची करून त्यांच्याखाली सिरॅमिकची पट्टी ठेवावी. तुमचा डेक तापण्यात या खोगिरांचा आणि उघड्या चिमणीचा मोठा हात असावा असे मला वाटते.

ज्या भागांना लॅगिंग मुळीच घालू नये ते तितकेच महत्त्वाचे आहेत. सेफ्टी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा हवा. त्याच्या भोवतीचा तंतू आत गेला तर तो अडकू शकतो. गेज ग्लास दोन्ही बाजूंनी मोकळी हवी. प्रेशर गेजच्या आधी जी वळसेदार नळी असते तिच्यात वाफेचे पाणी होऊन ते गेजचे रक्षण करते, त्यामुळे तीही उघडीच ठेवावी. आणि डिस्प्लेसमेंट ल्युब्रिकेटर, म्हणजे वाफेत थोडेथोडे तेल सोडणारी छोटी डबी. हा तर हमखास गुंडाळला जातो, कारण तो वाफेच्या नळीवरच बसलेला असतो आणि तापलेला दिसतो. परंतु त्याचे काम चालते तेच त्यात शिरलेली वाफ थंड होऊन तिचे पाणी तळाशी बसते आणि तेवढे तेल वर ढकलले जाते म्हणून. त्याला ऊबदार केले की तेल जाणे थांबते आणि सिलिंडर कोरडे घासू लागतात.

वाफेच्या नळीबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ४ मिलिमीटरच्या नळीवर सुती दोरा एकेरी गुंडाळला, तर उष्णता जवळजवळ तेवढीच जाते, आणि नळी आधी चकचकीत असेल तर कधीकधी जास्तही जाते. बारीक नळीवर पातळ थर घातल्याने हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि थराचा अडथळा त्या मानाने कमी पडतो. दोऱ्याने हात भाजणार नाही आणि बोट जुन्या धाटणीची दिसेल, यासाठी तो जरूर गुंडाळावा. वाफ वाचवायची असेल तर नळी आखूड करावी. मोठ्या व्यासाच्या बॉयलरला ही अडचण येत नाही. सिलिंडरच्या मोकळ्या बाजूंवर मात्र कागद आणि पातळ सागवानाचे कवच जरूर घालावे, कारण दर फेऱ्यात वाफेचे पाणी होते ते तिथेच.

एक इशारा पुण्याच्या हवेसाठी. थंड देशांतले मॉडेलकार गॅसची टाकी थंड पडून दाब उतरू नये म्हणून ती बॉयलरजवळ ठेवायला सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पाण्याच्या काठावरच ३८-४० अंश असतात आणि ४० अंशांना नुसत्या ब्युटेनचाही दाब पावणेतीन बारच्या पुढे असतो. प्रोपेन मिसळलेल्या गॅसचा त्याहून जास्त. टाकी बॉयलरपासून दूर, मधे आडभिंत घालून ठेवावी. बॅटरी आणि रिसीव्हरही त्याच आडभिंतीच्या पलीकडे असावेत. डेकखालची हवा आत येण्याच्या जागा लॅगिंगच्या नादात बंद करू नयेत; बर्नरला हवा कमी पडली तर ज्वाला पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

काम झाले की नाही ते डोळ्यांनी कळत नाही, घड्याळाने कळते. लॅगिंगपूर्वी एकदा आणि नंतर एकदा, पाण्याची पातळी तीच ठेवून, त्याच खोलीत, पंखा बंद करून, बॉयलर ३ बारपर्यंत न्यावा, बर्नर विझवावा, वाफेचा कॉक बंद ठेवावा आणि काटा २ बारवर यायला किती वेळ लागतो तो लिहून ठेवावा. आत ४०० मिलिलिटर पाणी आणि सुमारे एक किलो तांबे धरले, तर एवढ्या उतारात सुमारे २१ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ६५ वॉटच्या गळतीने त्याला पाच मिनिटांच्या वर थोडा वेळ लागावा, आणि नीट लॅगिंगने तो आठ-नऊ मिनिटांवर जावा. ज्वालानळी उघडी राहिल्याने तिच्यातून हवा खेळते आणि दोन्ही वेळा आकडे थोडे कमी येतात, पण त्यांच्यातील फरक टिकतो. फरक दोन मिनिटांहून कमी आला, तर पट्ट्या जास्त आवळल्या गेल्या आहेत किंवा आत ओल आहे. तळाच्या फटीत टिपकागदाची पट्टी सरकवून आधी ओल तपासा.